वॉर्डातली खोती : टोपीवाला ते ओरोस

सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०२१-२२ मध्ये १०० जागांची पहिली तुकडी आली आणि आपले जिल्हा रुग्णालय हे शिकवणारे रुग्णालय झाले. जिल्ह्यात पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पेशंट जरा गंभीर झाला की 'बांबोळीला न्या' एवढेच ऐकायची सवय लागलेल्या या जिल्ह्यात ही मोठी घटना आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. दुसऱ्याच्या दारात औषध मागणे म्हणजे काय असते ते आपण चांगलेच जाणतो. त्यामुळे ओरोसच्या महाविद्यालयाचे स्वागत आम्हीही केले.

आम्ही बौद्धवाड्यांतून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे, जातपडताळणीची कागदपत्रे जमवण्याचे काम करतो. तिथे आईबाप एकच प्रश्न विचारतात : 'आमच्या पोराक अॅडमिशन मिळात मां?' प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न आपली चळवळही फारसा विचारत नाही. अॅडमिशन मिळाल्यावर डॉक्टरकीचे शिक्षण नेमके कुठे होते, आणि ते कोणाच्या हातून मिळते?

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी वर्गात बसून, पुस्तक वाचून बरेच काही मिळवतो. डॉक्टरचे तसे नाही. शिरेत सुई कशी घालायची, पोटावर हात ठेवून यकृत कसे चाचपायचे, अडलेले बाळंतपण कसे सोडवायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते वॉर्डात, ओटीत, लेबर रूममध्ये कोणीतरी शिकवावे लागते. शिकवणारा म्हणजे फक्त प्राध्यापक नव्हे. वर्षभर पुढे असलेला सिनियर, रजिस्ट्रार, हाउसमन, स्टाफ नर्स हे सगळे शिकवतात. कोणाला 'ये, ही केस तू कर' म्हणायचे आणि कोणाला 'तू फॉर्म भर' म्हणायचे, हे तेच ठरवतात. म्हणजे आरक्षणाने दार उघडते, पण आतल्या खोल्यांच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला असतात.

कोकणातल्या माणसाला खोती समजावून सांगायला नको. कायदा मुंबईला असायचा, सरकार मुंबईला असायचे आणि गावात कुळाचे जगणे खोताच्या हातात असायचे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला हा मधला मालकच हटवला पाहिजे, ही त्यांची मांडणी होती. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आमचे म्हणणे असे की शिकवणाऱ्या रुग्णालयात अजून खोती आहे. प्रत्येक युनिट हा एक गाव आहे आणि त्याला एक खोत आहे. ही खोती कशी तयार झाली, हे इतिहासात पाहिल्याशिवाय ओरोसमध्ये काय मागायचे ते कळणार नाही.

प्रेत कोणी हाताळायचे?

इंग्रज मुंबईत वैद्यकीय शिक्षण आणू लागले ते एकोणिसाव्या शतकात. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले. कॉलेज आणि रुग्णालय एकाच आवारात ठेवण्यामागे विचार होता. विद्यार्थ्याने व्याख्यान ऐकून थेट खाटेपाशी जावे. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा खाटेपाशी शिकवण्यावर भर होता. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, आपल्या शेजारच्या पेडणे महालातल्या मांद्र्याचे. याच किनाऱ्यावर दक्षिणेला पणजीत पोर्तुगिजांनी त्याआधी, १८४२ मध्ये, वैद्यकीय शाळा काढली होती. तिचेच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाले. म्हणजे मालवणच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, पावणेदोनशे वर्षांपूर्वी डॉक्टर घडू लागले होते.

त्या काळात वैद्यकीय शिक्षणापुढे एक मोठी अडचण होती : प्रेत. शरीर फाडून पाहिल्याशिवाय शरीरशास्त्र येत नाही, आणि प्रेताला शिवणे हा सवर्णांना विटाळ. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ किल्ल्यावरून तोफा झाल्याचे सांगतात. हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात धाडस म्हणून सांगितला जातो. धाडस होतेच. पण आपण त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहू. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावोगाव महारांवर लादलेले होते. त्याबद्दल कोणी तोफा सोडल्या नाहीत. त्याबद्दल वाडी गावाबाहेर ठेवली. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते काम आणि मृत मांस सोडायला सांगितले. मेलेल्या देहाला हात लावणे एका ठिकाणी विटाळ ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी विद्या ठरते. फरक कामात नव्हता. हात कोणाचा आहे आणि त्या हाताला प्रमाणपत्र कोण देतो, यात होता.

आणखी पुढे पाहू. विच्छेदनाच्या टेबलावर येणारे देह कोणाचे होते? मुंबई राज्यात १९४९ मध्ये शरीरशास्त्र कायदा झाला. त्यानुसार रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या आणि कोणी दावा न केलेल्या माणसांचे देह शिक्षणसंस्थांना देण्याची सोय झाली. बेवारस मरतो तो बहुधा गरीब असतो : गिरणीतला, गोदीतला, फूटपाथवरचा. जनरल वॉर्डात ज्याच्या पोटावर वीस विद्यार्थी एकामागून एक हात ठेवून शिकतात, तोही गरीबच. पैसेवाला खासगी खोलीत असतो. शिकवणारे रुग्णालय चालते ते अशा शरीरांवर. आपल्या समाजाने या शिक्षणाला शरीरे दिली. विद्यार्थी मात्र शंभर वर्षे दिसण्याइतकेही दिले नाहीत, कारण त्याला ती संधीच नव्हती.

प्रतिनिधित्व मागणारे पहिले कोण?

आरक्षणामुळे गुणवत्ता घसरते, हे वाक्य मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज ऐकू येते. म्हणून मुंबईच्या मेडिकल कॉलेजांचा जन्म कसा झाला, हे आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँट कॉलेजातली प्राध्यापकपदे मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे होती, आणि त्या सेवेत वर्चस्व गोऱ्यांचे होते. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी वॉर्ड त्याच्या ताब्यात येत नसे. यावर उपाय काय निघाला? सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली की शिकवणारे सगळे पात्र भारतीयच असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. त्या अटीवर १९२६ मध्ये परळला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. जीवराज मेहता तिथे पहिले डीन झाले. ही अट म्हणजे शिक्षकांच्या जागांवर शंभर टक्के आरक्षण होते. आजही कोणी त्याला गुणवत्तेवर घाला म्हणत नाही. त्याला राष्ट्रवाद म्हणतात, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या हाती वॉर्ड त्याच्या हाती शिक्षण, हे त्या लोकांनी अचूक ओळखले होते. आमचा आक्षेप एवढाच की तीच मागणी बहुजनांनी केली की तिचे नाव बदलते.

दुसरे उदाहरण तर आपल्या मातीतले आहे. असहकार चळवळीच्या काळात, ४ सप्टेंबर १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीने भायखळ्याला नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झाले. सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालणाऱ्यांसाठी हे स्वदेशी कॉलेज होते. पुढे डॉ. ए. एल. नायर यांनी १९२५ मध्ये आपल्या आईच्या नावाने बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर रुग्णालय उभे केले आणि कॉलेजला शिकवण्यासाठी वॉर्ड मिळाले. १९४६ मध्ये मुंबई महापालिकेने संस्था ताब्यात घेतली. त्याच वेळी मोतीराम देसाई टोपीवाला यांनी ५ लाख रुपये दिले आणि कॉलेजचे नाव टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झाले. टोपीवाला घराणे कुडाळ तालुक्यातल्या वालावलचे. मालवणात टोपीवाला हायस्कूल माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. मुंबईत व्यापारात कमावलेल्या या घराण्याच्या पैशाने आपल्या किनाऱ्यावर शाळा झाली आणि मुंबईत मेडिकल कॉलेजही उभे राहिले. त्याचा सिंधुदुर्गाला अभिमान आहे. त्या नावाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

याच काळात बाबासाहेब काय करत होते? १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्यातल्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी सिनेटवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व हवे, असा मुद्दा मांडला. लक्षात घ्या, त्यांनी फक्त वर्गातला बाक मागितला नाही. विद्यापीठ चालवणाऱ्या मंडळावर जागा मागितली. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रवेश, पैसा आणि कारभार या तिन्ही ठिकाणी वाटा, असा तो कार्यक्रम होता. पहिल्या दोन गोष्टी आपण धरून ठेवल्या. तिसरी हातातून सुटली.

दर्जा वाढला, दार अरुंद झाले

स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीचा अहवाल आला, १९४६ मध्ये. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा म्हणून तो मोठा दस्तऐवज आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्याचे तत्त्व आपल्याला मान्यच आहे. पण त्यातली एक शिफारस आपल्या दृष्टीने तपासायला हवी. त्या वेळी देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी २९,८७० हे पदवीधर नव्हते. ते लायसेन्शिएट होते, म्हणजे कमी मुदतीचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम करून आलेले. नॅशनल मेडिकल कॉलेजही सुरुवातीला अशीच पदविका देत होते. समितीने बहुमताने सांगितले की हा अभ्यासक्रम बंद करा आणि सर्वांना एकच पदवी ठेवा. काही सदस्यांचे मत वेगळे होते. डॉक्टर इतके कमी असताना हा मार्ग बंद करू नये, असे ते म्हणाले. बहुमताचे म्हणणे टिकले.

एकच दर्जा हवा हे म्हणणे चूक नाही. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा डॉक्टर, हे आम्हालाही नको. प्रश्न वेळेचा आहे. आपल्या समाजातली पहिली मॅट्रिक झालेली पिढी जेमतेम उंबऱ्याशी पोचत होती, नेमकी तेव्हाच छोटी शिडी काढून घेतली गेली आणि उंच शिडी ठेवली गेली. त्या शिडीच्या पहिल्या पायरीला इंग्रजी होते, शहरातले इंटर सायन्स होते आणि लांबलचक वर्षांचा खर्च होता.

अमेरिकेत हेच आधी झाले होते. तिथे बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये आणि त्याचे मेडिकल कॉलेज १८९३ मध्ये सुरू झाले. विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात उभे केले. तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला ठेवायची पद्धत तिथे रुजली. रेसिडेंट हा शब्द त्यावरूनच आहे : रुग्णालयात राहणारा. खालचा, मधला, वरचा अशी उतरंड बनली, आणि वरच्याने खालच्याला शिकवायचे. आज आपल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात दिसते ते हेच रूप. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करून अहवाल दिला. निकृष्ट कॉलेजे बंद करा, हॉपकिन्ससारखी ठेवा, असा त्याचा सूर होता. तेव्हा काळ्या लोकांची सात मेडिकल कॉलेजे होती. पुढच्या काही वर्षांत त्यांतली पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोनच उरली. दर्जा वाढला, आणि त्याची किंमत काळ्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांच्या तुटवड्याने मोजली. दर्जा वाढवताना कोणाचे दार बंद होते, हे विचारणारा माणूस समितीत नसला की असे होते.

आपल्याकडे राज्यघटनेने दार पुन्हा उघडले. तेही सहज उघडले नाही, आणि लढाई पुन्हापुन्हा मेडिकलच्याच जागांवरून झाली. १९५१ मध्ये मद्रासच्या मेडिकल आणि इंजिनीअरिंग प्रवेशांच्या जातवार वाटणीचा आदेश चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द झाला. त्यातूनच पहिली घटनादुरुस्ती आणि कलम १५(४) आले. १९६२ मध्ये म्हैसूरच्या मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या जागांवरूनच बालाजी खटला झाला आणि आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे, हा दंडक आला. या सगळ्या लढाया दाराच्या होत्या. आत काय चालते, याकडे कोर्टाचेही लक्ष नव्हते आणि आपलेही नव्हते.

दाराच्या आत

२००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाच्या तक्रारी पाहण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या मेडिकल कॉलेजात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी सांगितले की शिक्षक वेळ देत नाहीत, प्रात्यक्षिक आणि व्हायवात गुण कापले जातात, वसतिगृहात त्रास देऊन एका बाजूला राहायला भाग पाडले जाते. यात व्हायवा आणि प्रात्यक्षिक हे शब्द नीट वाचा. लेखी पेपरावर नंबर असतो. व्हायवात समोर माणूस असतो, त्याचे आडनाव असते, त्याची भाषा असते. तिथे खोताची मर्जी चालते.

आता टोपीवालाकडे येऊ. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. टोपीवाला कॉलेज आणि नायर रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात जीवन संपवले. तीन सिनियर महिला डॉक्टरांवर छळाचे आरोप झाले. आत्महत्येस प्रवृत्त करणे, अॅट्रॉसिटी आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. कुटुंबाच्या तक्रारीत जे होते त्यातला एक भाग मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. जातीवरून टोमणे होतेच, पण तिला प्रसूती आणि शस्त्रक्रिया करू दिल्या जात नव्हत्या, असेही त्यात होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरला बाळंतपण करू न देणे म्हणजे शिक्षण काढून घेणे. जागा तिची, फी भरलेली, हजेरी लागलेली, आणि विद्या हाती येत नाही. एकलव्याचा अंगठा एकदाच मागितला गेला. वॉर्डात तो रोज थोडाथोडा मागता येतो, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही. ज्या कॉलेजची स्थापना परक्यांच्या हातून वॉर्ड सोडवण्यासाठी झाली, ज्याला वालावलच्या घराण्याने नाव दिले, त्याच कॉलेजातून ही तक्रार आली. म्हणून आम्ही म्हणतो की स्वराज्याची मागणी अर्ध्यावर थांबली. वॉर्ड गोऱ्यांकडून सुटला, पण उतरंड तशीच राहिली आणि तिच्यात जात येऊन बसली.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातली एक घटना नोंदवली आहे. अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर आला, पण तिला शिवला नाही. थर्मामीटर आधी मुसलमानाच्या हातात, मग नवऱ्याच्या हातात, मग बाईकडे, आणि परत तसाच. ती बाई दगावली. तो डॉक्टर अडाणी नव्हता. त्याला विद्या होती, स्पर्श नव्हता. शिकवणारे रुग्णालय हे मुळात स्पर्श शिकवण्याचे ठिकाण आहे : चाचपणे, ठोकून पाहणे, नाडी धरणे. जो डॉक्टर आपल्या शेजारच्या सहकारी मुलीला कमी लेखायला शिकतो, तो उद्या बौद्धवाडीतल्या बाईच्या पोटावर कोणत्या मनाने हात ठेवणार? हा प्रश्न फक्त आपल्या विद्यार्थ्यांचा नाही, आपल्या रुग्णांचाही आहे.

काही मित्र म्हणतात, हा रॅगिंगचा प्रश्न आहे, जातीचा नव्हे. सगळ्याच ज्युनियरना हाल सोसावे लागतात. हाल सर्वांना असतात हे खरे आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असे लिहिलेले आहे. कुठल्या सरकारी रुग्णालयात ते पाळले जाते, हे कोणत्याही रेसिडेंटला विचारा. पण ज्या व्यवस्थेत सगळेच दमलेले असतात आणि नियम कागदावरच राहतात, तिथे ओझे शेवटी कोणावर ढकलले जाते? ज्याच्या मागे काका डॉक्टर नाही, मामा प्राध्यापक नाही, त्याच्यावर. पहिल्या पिढीचा विद्यार्थी त्या उतरंडीत सर्वांत खाली असतो. शिक्षकांतही आपले लोक कमीच भेटतात. अतिविशेष शाखांत आरक्षण नको ही इंद्रा साहनी निकालातली भूमिका २०१३ मध्ये एम्सच्या प्राध्यापकपदांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उचलून धरली. जितके वर जावे तितके आरक्षण विरळ होते, आणि किल्ल्या वरच असतात.

ओरोसला आपण काय मागायचे?

जुन्या कॉलेजांत शंभर वर्षांच्या सवयी घट्ट झाल्या आहेत. ओरोसचे कॉलेज नवे आहे. तिथल्या प्रथा अजून पडायच्या आहेत. खोती बसायच्या आधीच बोलले पाहिजे, म्हणून हा लेख आम्ही आता लिहीत आहोत. आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशांना नवा कायदाही लागत नाही.

पहिली मागणी नोंदीची. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला आहे. विद्यार्थ्याने काय काय स्वतः केले, त्याचे लॉगबुक ठेवावे लागते. या लॉगबुकांची दर तीन महिन्यांनी बेरीज करा. कोणत्या युनिटमध्ये कोणत्या विद्यार्थ्याने किती टाके घातले, किती प्रसूतींत हात लावला, किती वेळा नुसते फॉर्म भरले, हे प्रवर्गनिहाय काढून कॉलेज परिषदेपुढे ठेवा. नावे जाहीर करायची गरज नाही. भेदभाव असेल तर आकड्यांत दिसेल, आणि नसेल तर तेही दिसेल.

दुसरी मागणी वाटपाची. केस आणि ड्युटी कोणाला, हे सिनियरच्या मर्जीवर न ठेवता वेळापत्रकाने ठरवा आणि ते वॉर्डाच्या भिंतीवर लावा. वॉर्डाच्या यादीत प्रवेशाचा प्रवर्ग लिहिण्याचे काहीच कारण नाही.

तिसरी मागणी व्हायवाची. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत, प्रश्न आधी ठरलेले असावेत आणि फेरतपासणीची सोय असावी.

चौथी मागणी कारभाराची. अनुसूचित जाती-जमाती कक्ष आणि रॅगिंगविरोधी समिती यांत विद्यार्थ्यांनी निवडलेला प्रतिनिधी आणि कॉलेजबाहेरचा एक सदस्य हवा. ज्या युनिटविरुद्ध तक्रार, त्याच युनिटप्रमुखाकडे तक्रार नेण्याची पाळी कोणावर येऊ नये. शिक्षकांच्या जागा बिंदुनामावलीप्रमाणे कायमच्या भरा. तात्पुरत्या माणसांवर चालणाऱ्या वॉर्डात जबाबदारी कोणाचीच नसते. १९२७ साली बाबासाहेबांनी सिनेटवर जी जागा मागितली, तीच ही मागणी.

पाचवी मागणी आपल्या वाड्यांची. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा आहे. चांगली गोष्ट आहे. ते विद्यार्थी गावठाणाबरोबर बौद्धवाडीत, चर्मकारवाडीत, कातकऱ्यांच्या वस्तीवरही आले पाहिजेत. आले की आधी ओटीवर बसावे, पाणी प्यावे, मग रक्तदाब मोजावा. पेशंट मालवणीत बोलला तर हसू नये. 'पोटात दुखता' हेही वैद्यकीय निवेदनच आहे. वॉर्डात दहा जणांनी तपासायच्या आधी पेशंटची परवानगी विचारावी. गरिबाचे शरीर हे कोणाचे फुकटचे पुस्तक नाही.

आणि काही कामे आपली स्वतःची आहेत. ओरोसला शिकायला येणारा आपला विद्यार्थी विदर्भातला असेल, मराठवाड्यातला असेल, त्याला इथे कोणी ओळखीचे नसेल. त्याला महिन्यातून एकदा जेवायला बोलावणारे घर, जुनी पुस्तके देणारा सिनियर आणि शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याण कार्यालयात बरोबर येणारा कार्यकर्ता, एवढे तर आपण करू शकतो. कुडाळ, कणकवली, मालवण, सावंतवाडी या चार तालुक्यांतल्या धम्म मंडळांनी ठरवले तर चार दिवसांत हे उभे राहील. कोणी मुलगा किंवा मुलगी गप्प झाली, फोन उचलेनाशी झाली, तर तिच्याकडे जाणारे माणूस हवे. तक्रार अर्ज नंतर लिहिता येतो. आधी माणूस वाचला पाहिजे.

पायलची आई आबेदा तडवी आणि रोहितची आई राधिका वेमुला या दोघींनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. महाविद्यालयांतला जातिभेद रोखणारी यंत्रणा प्रत्यक्षात चालवा, हे मागायला दोन लेकरे गेलेल्या आयांना दिल्ली गाठावी लागली. सिंधुदुर्गातल्या कोणा आईवर ती पाळी येऊ नये.

खोतीविरुद्ध आपल्या आजोबा-पणजोबांनी मोर्चे काढले तेव्हा त्यांच्या हातात सातबारा नव्हता, पण जमीन कोण कसतो हे त्यांना ठाऊक होते. आज वॉर्डात आपली मुले आहेत, आणि खाटेवर आपलीच माणसे आहेत. ओरोसच्या कॉलेज प्रशासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही या पाच मागण्यांवर तयार करत आहोत. प्रत्येक वाडीत तो वाचला जावा, त्यावर चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि सह्या कराव्यात.

जय भीम!